स्ट्रॅटेजी गेममधील बंद फॅक्शन उघडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये रामबागेतल्या आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी शेजारची पाच-सात मुले आणि माझ्या वयाचे दोघेतिघे स्ट्रॅटेजी गेम खेळायला जमतात. पोहे संपण्याच्या आतच कोणीतरी विचारतो, ‘काका, ही फॅक्शन निवडता का येत नाही?’ फॅक्शन म्हणजे खेळताना आपण चालवायला घेतो ते राज्य, घराणे किंवा पक्ष. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागल्यामुळे उत्तरे एकदाची लिहून काढली आहेत. फाइलींची आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत दिसतील आणि रोमन लिपीतच लिहावी लागतील.

फॅक्शन ‘बंद’ असते म्हणजे नेमके काय असते?

हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, पण पुढची सगळी उत्तरे यावर अवलंबून असल्यामुळे तो आधी घेतला आहे. काही फॅक्शन केवळ बक्षीस म्हणून राखून ठेवलेल्या असतात. त्यांचे सैन्य, शहरे, चित्रे आणि ओळखीचा मजकूर असे सर्व काही तयार असते, फक्त एखादी मोहीम जिंकेपर्यंत त्या निवडता येत नाहीत. दुसऱ्या काही फॅक्शन संगणकाने चालवण्यासाठीच बनवलेल्या असतात. अशा फॅक्शनचे दार आपण उघडले, तरी आत घर बांधलेलेच नाही असे आढळते : जिंकण्याच्या अटी नाहीत, वारसाची सोय नाही, सैन्याचे प्रकार मोजकेच. तिसरा प्रकार पैसे भरून घ्यावयाच्या फॅक्शनचा. त्या नकाशावर आपल्याशी लढतात, परंतु आपल्या हाती येत नाहीत. आणि काही फॅक्शन मुळात खेळात नसतातच. त्या कोणीतरी नव्याने घडवाव्या लागतात.

चारही बाबतींत मुले ‘अनलॉक’ हा एकच शब्द वापरतात आणि तेथूनच घोळ सुरू होतो. पहिल्या प्रकारात पाच मिनिटांचे काम असते, तर चौथ्या प्रकारात कित्येक महिन्यांचे. म्हणून फाइलीला हात लावण्यापूर्वी फॅक्शन का बंद ठेवली आहे हे पाहावे, असा आमच्या माडीवरचा नियम आहे.

‘रोम: टोटल वॉर’मध्ये बंद फॅक्शन कशा उघडाव्यात?

2004 साली आलेला हा खेळ शिकण्यासाठी सर्वांत सोयीचा आहे, कारण त्याची मोहीम एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिलेली आहे. खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘डेटा’, त्यात ‘वर्ल्ड’, त्यात ‘मॅप्स’, त्यात ‘कॅम्पेन’ आणि त्यात ‘इम्पीरियल कॅम्पेन’ असे आत आत जात राहावे. तेथे ‘डिस्क्र स्ट्रॅट’ नावाची फाइल मिळते. फोल्डरच्या आणि फाइलीच्या नावांत दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर असतो, हे शोधताना लक्षात ठेवावे.

फाइल नोटपॅडमध्ये उघडली की अगदी वरच्या भागात तीन याद्या दिसतात. ‘प्लेएबल’ या शब्दाखाली ज्युलिआय, ब्रुटिआय आणि स्किपिआय ही तीन रोमन घराणी असतात आणि यादी ‘एंड’ या शब्दाने संपते. त्यानंतरच्या ‘अनलॉकेबल’ यादीत इजिप्त, सेल्युकिड, कार्थेज, पार्थिया, गॉल, जर्मन, ब्रिटन आणि ग्रीक नगरे अशी आठ नावे असतात. तिसऱ्या ‘नॉनप्लेएबल’ यादीत मॅसिडॉन, पाँटस, आर्मेनिया, डॅशिया, न्युमिडिया, सिथिया, स्पेन, थ्रेस, रोमची सिनेट आणि ‘स्लेव्ह’ म्हणजे बंडखोर ही नावे असतात. हवे ते नाव त्याच्या यादीतून कापून पहिल्या यादीत ‘एंड’च्या वर चिकटवावे आणि फाइल सेव्ह करावी, इतकेच काम आहे. नाव कापायचे आहे, त्याची नक्कल करायची नाही. एकच नाव दोन याद्यांत राहू देऊ नये. तिन्ही ‘एंड’ आपापल्या जागी असले पाहिजेत, आणि नावाचे स्पेलिंग फाइलीत जसे आहे तसेच राहिले पाहिजे.

मधल्या यादीतील आठही फॅक्शन निर्धास्तपणे उघडाव्यात, त्या पूर्ण बनवलेल्या आहेत. तिसऱ्या यादीतील मॅसिडॉन किंवा थ्रेससारख्या फॅक्शनही बऱ्यापैकी चालतात. निवडीच्या पडद्यावर त्यांची ओळख करून देणारा मजकूर मात्र इतरांसारखा नीट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मॅसिडॉनसारखे राज्य मुळातच बंद का ठेवले, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. 2021 साली या खेळाची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा पूर्वी न खेळता येणाऱ्या 16 फॅक्शन अधिकृतपणे खुल्या करण्यात आल्या, म्हणजे खेळणाऱ्यांची वर्षानुवर्षांची मागणी रास्त होती असे म्हणावे लागेल.

सांगितल्याप्रमाणे बदल केला, तरी काहीच बदलले नाही. असे का होते?

बहुतेक वेळा पुढील तीन कारणांपैकी एखादे निघते. पहिले कारण असे की आपण जुनी सेव्ह केलेली मोहीम उघडून पाहत असतो. ही फाइल नवीन मोहीम सुरू करतानाच वाचली जाते. चालू मोहिमेवर तिचा परिणाम होत नाही.

दुसरे कारण खेळ ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये बसवलेला असण्याचे आहे. विंडोज तेथे परवानगीवाचून सेव्ह करू देत नाही. अशा वेळी नोटपॅड फाइल दुसरीकडे ठेवण्याविषयी विचारते, आपण घाईत ‘ओके’ म्हणतो आणि बदललेली फाइल डॉक्युमेंट्समध्ये जाऊन बसते. नोटपॅडवर उजवे बटण दाबून ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करावे, किंवा खेळ दुसऱ्या ड्राइव्हवर बसवावा.

तिसऱ्या कारणाने माझा स्वतःचा एक अख्खा रविवार खाल्ला आहे. विंडोज फाइलीच्या नावातील शेवटचा भाग, म्हणजे ‘डॉट टीएक्सटी’, सहसा दाखवत नाही. मी फाइलीचे नाव बदलताना तो भाग हाताने लिहिला आणि विंडोजने तो स्वतःहून आणखी एकदा जोडला. फाइलीचे नाव झाले ‘डिस्क्र स्ट्रॅट डॉट टीएक्सटी डॉट टीएक्सटी’. पडद्यावर ते अगदी बरोबर दिसत होते, आणि खेळाला मात्र ती फाइल सापडत नव्हती. मी चार तास स्वल्पविराम आणि जागा तपासत बसलो होतो. शेवटी भाच्याने फोल्डरच्या ‘व्ह्यू’ मेनूत जाऊन फाइलींची पूर्ण नावे दाखवणारी खूण केली, तेव्हा उलगडा झाला. ती खूण प्रत्येकाने आजच करून ठेवावी.

याखेरीज, ही फाइल वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नये. वर्ड तिच्यात स्वतःच्या खुणा घालतो आणि खेळाला त्या वाचता येत नाहीत.

‘मिडिव्हल 2’मध्येही हीच पद्धत चालते का?

होय. ‘टोटल वॉर’ मालिकेतल्याच 2006 सालच्या या खेळात त्याच नावाची फाइल आणि त्याच तीन याद्या आहेत. सुरुवातीला इंग्लंड, फ्रान्स, पवित्र रोमन साम्राज्य, स्पेन आणि व्हेनिस ही पाचच राज्ये खुली असतात. मधल्या यादीत सिसिली, मिलान, स्कॉटलंड, बायझंटाइन, रशिया, मूर, तुर्क, इजिप्त, डेन्मार्क, पोर्तुगाल, पोलंड आणि हंगेरी अशी 12 राज्ये असतात. ज्याला थांबण्याची तयारी आहे त्याने एखादी मोहीम जिंकून ती सरळ मार्गाने मिळवावीत, अथवा एखाद्या राज्याचा नाश करून तेवढेच राज्य खुले करून घ्यावे. ज्याला नोकरी आणि संसार आहे त्याने नोटपॅड वापरावे.

या खेळाच्या पुष्कळशा फाइली ‘पॅक’ नावाच्या गाठोड्यांत बांधलेल्या असतात. त्या सोडवण्यासाठी खेळ बनवणाऱ्यांनीच ‘अनपॅकर’ हे साधन दिले असून ते ‘टूल्स’ फोल्डरमध्ये मिळते. गाठोडे सोडवल्यानंतरही खेळ आपल्या सुट्या फाइलींकडे दुर्लक्ष करू शकतो, म्हणून सेटिंगच्या फाइलीत ‘आयओ’ या शीर्षकाखाली ‘फाइल फर्स्ट’ची किंमत ‘ट्रू’ ठेवावी लागते. त्या ओळीचा अर्थ असा की गाठोड्याआधी सुटी फाइल वाचावी.

पोप, मंगोल किंवा बंडखोर यांनाही वरच्या यादीत टाकता येईल का?

नाव टाकता येईल, पण सुखाने खेळता येईलच असे नाही.

पोपचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. इतर राज्यांत राजा मेला की त्याचा वारस गादीवर येतो, परंतु या खेळात पोप कार्डिनलांच्या मतदानाने निवडला जातो. शिवाय इतर ख्रिस्ती राजांना कामगिऱ्या देणे, त्यांना धर्मबहिष्कृत करणे आणि धर्मयुद्ध पुकारणे ही पोपची कामे संगणकच पार पाडील असे गृहीत धरून सगळा डोलारा उभा केला आहे. त्या जागी माणूस बसला की डोलारा लटपटतो. ‘रोम’मधील सिनेटचीही हीच गत. तिच्याकडे एक रोम शहर असते आणि तीन घराण्यांना कामगिऱ्या वाटणे हेच तिचे प्रयोजन. आमच्याकडच्या एका मुलाने हट्टाने सिनेट घेतली, आणि एक शहर सांभाळत बसण्याचा कंटाळा येऊन तासाभरात सोडली.

मंगोल आणि तैमुरी यांच्याकडे मोहिमेच्या आरंभी एकही शहर नसते. ती सैन्ये पुढे ठरावीक काळी स्क्रिप्टद्वारे, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांनी, नकाशाच्या पूर्वेकडून उतरवली जातात. त्यामुळे त्यांना खेळण्याजोगे करायचे असेल तर त्याच फाइलीत खाली त्यांना शहर, सेनापती आणि सैन्य द्यावे लागते. हे काम करता येते आणि शिकण्याच्या दृष्टीने उत्तमही आहे, पण ते नाव हलवण्याइतके सोपे नाही. बंडखोरांना मात्र आहेत तेथेच राहू द्यावे. ते राज्य नसून उरलेल्या सगळ्यांची मोट आहे.

‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठे आहेत, मग होळकर का नाहीत? मुघल तरी खेळता येतील का?

इंदुरात हा प्रश्न येणारच. 2009 सालच्या या खेळात मराठा राज्यसंघ पहिल्या दिवसापासून खुला आहे, त्यासाठी काहीही करावे लागत नाही. सुरुवातीला खुल्या असलेल्या 11 सत्तांमध्ये ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया यांच्या पंगतीला मराठे बसलेले पाहून आमच्या घरी जेवढा आनंद झाला होता तेवढा क्वचितच झाला असेल. बारावी सत्ता अमेरिकेची आणि ती ‘रोड टू इंडिपेंडन्स’ ही वेगळी मोहीम पुरी केल्यावर उघडते.

होळकर नसण्याचे कारण साधे आहे. मुख्य मोहीम 1700 साली सुरू होते. मल्हारराव होळकरांचा जन्म 1693 चा, म्हणजे खेळ सुरू होतो तेव्हा ते सात वर्षांचे आहेत. माळव्यात त्यांचा जम बसायला अजून तीस वर्षे आहेत आणि आपल्या राजवाड्याचा तर पत्ताच नाही. ही फॅक्शन कोणी कुलूप लावून ठेवलेली नाही, ती त्या काळात अस्तित्वातच नव्हती. हे सांगितले तेव्हा प्रश्न विचारणारा मुलगा हिरमुसला, पण पुढच्या रविवारी तो माळव्याचा प्रांत जिंकून तेथल्या आपल्या सेनापतीला ‘मल्हारराव’ म्हणू लागला होता.

मुघल आणि म्हैसूर यांची गोष्ट वेगळी. ते नकाशावर आहेत, फक्त आपल्याला निवडता येत नाहीत. येथे नोटपॅड उपयोगी पडत नाही, कारण मोहिमेची आरंभस्थिती ‘स्टार्टपॉस’ या फाइलीत असून तिचा ‘ईएसएफ’ प्रकार माणसाला सरळ वाचता येत नाही. ती उघडण्यासाठी खेळाडूंनीच ‘एडिटएसएफ’सारखी साधने तयार केली. त्यात झाडाच्या फांद्यांसारखी माहिती उलगडत जाते. खेळाडूंच्या यादीपर्यंत पोहोचले की प्रत्येक फॅक्शनसमोर खेळता येते की नाही हे सांगणारी होय-नाही किंमत सापडते आणि ती बदलायची असते. तेवढ्याने मुघल निवडीच्या पडद्यावर येतात. मात्र खेळात अशा दुय्यम ठेवलेल्या सत्तांना जिंकण्याच्या अटी दिलेल्या नसतात आणि त्यांच्या सैन्यातही विविधता कमी असते, त्यामुळे मोहिमेला शेवट उरत नाही. ज्यांना दिल्लीच्या तख्तावर बसून नुसते राज्य करायचे आहे, त्यांना त्याचे काही वाटत नाही.

नव्या ‘टोटल वॉर’ खेळांसाठी कोणती साधने वापरावीत?

‘शोगुन 2’पासून पुढे ‘असेंब्ली किट’ नावाचा अधिकृत संच देण्याची प्रथा पडली. तो स्टीम या खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातील आपल्या लायब्ररीत ‘टूल्स’ या विभागात मिळतो. खेळाचे कोष्टक-भांडार त्यात उघडते; आरंभीच्या फॅक्शनचे जे कोष्टक असते त्यातील ‘प्लेएबल’ या स्तंभात बदल करून नवीन स्टार्टपॉस तयार करून घ्यावा लागतो. संच जड आहे, त्याची माहितीपत्रके तुटपुंजी आहेत आणि पहिल्याच प्रयत्नात सर्व जमले असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

किरकोळ बदलांसाठी खेळाडूंनी बनवलेला ‘रस्टेड पॅकफाइल मॅनेजर’ अधिक सोयीचा वाटतो. जुन्या ‘पॅक फाइल मॅनेजर’ची जागा आता त्यानेच घेतली आहे. आपला बदल वेगळ्या पॅक फाइलीत ठेवता येतो, मूळ फाइलींना हात लागत नाही, आणि मॉड, म्हणजे खेळात बाहेरून जोडलेला हा बदल, बंद केला की खेळ पूर्ववत होतो.

केवळ खेळायचे असेल, तर स्टीम वर्कशॉपवरील तयार मॉड घ्यावा. तो निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. मॉड शेवटचा कधी अद्ययावत झाला ते पाहावे, कारण खेळाची नवी आवृत्ती आली की जुने मॉड हमखास अडखळतात. आणि मॉड स्टार्टपॉस बदलणारा आहे का तेही पाहावे. असे दोन मॉड एकत्र चालत नाहीत, कारण मोहिमेला आरंभस्थिती एकच असते आणि एक मॉड दुसऱ्याचा बदल झाकून टाकतो. ‘काका, दोन्ही लावले पण एकच दिसतो’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ किंवा ‘हार्ट्स ऑफ आयर्न 4’मध्ये काय करावे?

पॅराडॉक्स या कंपनीच्या या दोन खेळांत जवळपास प्रत्येक देश आरंभापासून खुला असल्याने उघडण्यासारखे फार काही नाही. ‘युरोपा’ 11 नोव्हेंबर 1444 रोजी सुरू होते आणि त्या दिवशी नकाशावर माळव्याची सल्तनत थेट निवडता येते. त्या काळी मांडूच्या गादीवर महमूद खिलजी होता. सहलीला गेल्यावर ज्या किल्ल्यात आपण मक्याचे कणीस खातो तेथून राज्य चालवण्याची गंमत इंदूरकरांनी एकदा घ्यावी.

खेळ चालू असताना देश बदलायचा असेल तर कन्सोल, म्हणजे खेळाला आज्ञा लिहून देण्याची चौकट, वापरतात. कीबोर्डवर एकच्या आकड्याच्या डावीकडचे बटण दाबले की कन्सोल उघडतो. ‘टॅग’ हा शब्द, मग एक जागा, मग देशाची तीन रोमन अक्षरे लिहून एंटर दाबावे. ‘हार्ट्स ऑफ आयर्न’मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानची अक्षरे आर-ए-जे अशी आहेत. आपण सोडलेला देश त्यानंतर संगणक चालवू लागतो. ‘क्रुसेडर किंग्ज 3’ आणि ‘व्हिक्टोरिया 3’मध्ये कन्सोल आपोआप उघडत नाही, त्यासाठी स्टीममधील लाँच ऑप्शनमध्ये वजाचे चिन्ह देऊन ‘डीबग मोड’ असे मध्ये अंडरस्कोअर घालून लिहावे लागते. ‘आयर्नमॅन’, म्हणजे हवी तेव्हा सेव्ह करून मागे जाता न येणाऱ्या, पद्धतीने सुरू केलेल्या मोहिमेत कन्सोल चालत नाही.

‘जनरल्स: झिरो अवर’मध्ये लपलेली फॅक्शन आहे असे ऐकले, ते खरे आहे का?

खरे आहे. 2003 सालच्या या खेळात आव्हानांच्या शेवटी भेटणारा बॉस जनरल तिन्ही बाजूंची शस्त्रे एकत्र वापरतो. त्याची नोंद ‘प्लेयर टेम्प्लेट’ या आयएनआय फाइलीत असते आणि त्या नोंदीत ‘प्लेएबल साइड’समोर ‘नो’ लिहिलेले असते. ‘फायनल बिग’ या साधनाने मूळ गाठोड्यातून ती फाइल बाहेर काढून ‘नो’चे ‘येस’ करतात. ही फॅक्शन इतकी बलवान आहे की समोरच्याने मैत्री तोडली तर नवल नाही.

पैसे भरून घ्यावयाची फॅक्शन मॉडने उघडली तर बिघडले कुठे? फाइली तर आपल्याच संगणकावर असतात.

‘क्रुसेडर किंग्ज 2’मध्ये 2014 साली ‘राजाज ऑफ इंडिया’ आले, तेव्हा भारताचा नकाशा सर्वांना मिळाला, पण भारतीय राजा म्हणून खेळण्यासाठी पैसे मोजावे लागत. नकाशावर राजे हिंडताना दिसतात, मग आपण का नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु संगणकाने ते राजे चालवावेत म्हणून फाइली आपल्याकडे आलेल्या असतात. खेळण्याचा हक्क आपण विकत घेतलेला नसतो. यात मला तरी संदिग्धता दिसत नाही, आणि माझ्या माडीवर असे मॉड लावले जात नाहीत.

कायद्याविषयीही वारंवार विचारले जाते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 कायदेशीरपणे प्रोग्राम बाळगणाऱ्याला बॅकअप घेण्याची आणि ज्या कामासाठी तो दिला आहे त्या कामापुरता त्यात फेरबदल करण्याची मुभा देते. उलट 2012 च्या दुरुस्तीने आलेले कलम 65अ हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगते. विकत घेतलेल्या खेळात मॅसिडॉनचे नाव एका यादीतून दुसरीत नेणे आणि न विकत घेतलेल्या भागाचे कुलूप फोडणे या दोहोंत एवढे अंतर आहे. कंपनीच्या वापराच्या अटीही वाचाव्यात. त्या प्रत्येक खेळात निराळ्या असतात.

मॉड उतरवताना व्हायरसची भीती किती?

फॅक्शन उघडणारा मॉड म्हणजे टेक्स्ट, पॅक किंवा ईएसएफ प्रकारची फाइल. तो स्वतः चालणारा प्रोग्राम असण्याचे कारण नाही. कोणी ‘सर्व फॅक्शन अनलॉक’ म्हणून ईएक्सई फाइल देत असेल आणि आधी अँटिव्हायरस बंद करा असे सांगत असेल, तर ती उतरवू नये. साधने मात्र प्रोग्रामच असतात, म्हणून ती त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावीत. मोबाइलवर आलेली लिंक मूळ ठिकाण होत नाही.

मॉड लावल्यावर अचीव्हमेंट (खेळातल्या कामगिरीची मानचिन्हे) मिळतात का आणि मित्रांबरोबर खेळता येते का?

खेळागणिक उत्तर बदलते. पॅराडॉक्सचे खेळ फाइलींवरून ‘चेकसम’ नावाचा चार अक्षरांचा संकेत काढून मुख्य पडद्यावर दाखवतात. खेळाचा गाभा बदलणारा मॉड लावला की हा संकेत बदलतो, आणि ‘युरोपा 4’सारख्या खेळात मग अचीव्हमेंट मिळत नाहीत. एकत्र खेळताना सर्वांचा संकेत जुळला पाहिजे. ‘टोटल वॉर’मध्येही सगळ्यांकडे तेच मॉड आणि तीच आवृत्ती असणे आवश्यक आहे. आम्ही यासाठी एका पेन ड्राइव्हवर मॉडचा संपूर्ण संच ठेवतो आणि रविवारी येणाऱ्या प्रत्येकाला तोच देतो. अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन खेळताना बदललेल्या फाइली वापरू नयेत.

बिघडले तर मूळ स्थितीत कसे यावे?

स्टीमवर खेळाच्या नावावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे आणि फाइलींची तपासणी करण्याचा पर्याय निवडावा. बदललेल्या मूळ फाइली स्टीम पुन्हा उतरवून घेते. याची दुसरी बाजू अशी की आपण मेहनतीने केलेले बदलही त्यात पुसले जातात, त्यामुळे मूळ आणि बदललेली अशा दोन्ही फाइलींच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये तारीख घालून ठेवाव्यात. सेव्ह केलेल्या मोहिमांचीही प्रत घ्यावी.

सेव्हविषयी माझा कडू अनुभव आहे. घरचा संगणक दुरुस्तीला असताना मी एका गेमिंग कॅफेत तीन संध्याकाळी बसून थ्रेसची मोहीम पुढे नेली होती. चौथ्या दिवशी गेलो तर मॉडही नाही आणि सेव्हही नाहीत. रोज सकाळी संगणक मूळ स्थितीत आणणारी व्यवस्था त्यांनी नुकतीच बसवली होती आणि कोणाला सांगण्याची तसदी घेतली नव्हती. पैसे परत मागितले, तर ‘भिया, खेळलात ना तुम्ही?’ असे उत्तर मिळाले. उत्तर बिनतोड होते. तेव्हापासून सेव्हचा फोल्डर माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हवर असतो.

फॅक्शनचे नाव देवनागरीत देता येईल का?

जुन्या ‘टोटल वॉर’ खेळांत नाही. त्यांच्या फॉन्टमध्ये आपली अक्षरेच नाहीत. रोमन लिपीत लिहावे.

मला होळकरांची स्वतंत्र फॅक्शनच बनवायची आहे. कोठून सुरुवात करावी?

आधीच सांगितल्याप्रमाणे हे दार उघडण्याचे काम नसून घर बांधण्याचे आहे, म्हणून पायापासून सुरुवात करावी. ‘एम्पायर’ऐवजी ‘मिडिव्हल 2’ घ्यावा, कारण त्याच्या फाइली वाचता येतात. पहिल्या टप्प्यात नवीन फॅक्शन जोडूच नये. असलेलीच एखादी घेऊन ‘टेक्स्ट’ फोल्डरमधील मजकुरात तिचे दिसणारे नाव तेवढे बदलावे. आतले संकेतनाव, जे डझनभर फाइलींत विखुरलेले असते, तसेच राहू द्यावे. ते नाव एका ठिकाणी बदलून दुसऱ्या ठिकाणी राहिले की खेळ काही न सांगता डेस्कटॉपवर परत येतो. पुढे निशाण बदलावे, मग सेनापतींची नावे, मग एखाद्या घोडदळाची किंमत आणि ताकद. प्रत्येक बदलानंतर खेळ चालू करून पाहावा. एका वेळी एकच बदल केला तर बिघाड कोठे आहे ते लगेच समजते. दहा बदल एकदम केले तर दहाही उलटवावे लागतात.

आमच्या माडीवर हे काम गेल्या रंगपंचमीला सुरू झाले. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहून आल्यावर रंगाने माखलेल्या हातांनी कीबोर्डला शिवू नये म्हणून मुलांना आधी आंघोळीला पाठवले आणि मग सिसिलीचे नाव बदलून होळकर केले. सध्या निशाण बदललेले आहे, सेनापतींपैकी नऊ जणांना मराठी नावे मिळाली आहेत, आणि राजधानी अजून पालेर्मो आहे.